१५ दिवसांचं उद्दिष्ट लिहिण्याआधी कपाटातल्या फायली मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: परवाने आणि प्रमाणपत्रं देणारं कार्यालय आहे, रोज साधारण ६० अर्ज येतात आणि तेवढेच निकाली निघतात, सरासरी २२ कामकाजाचे दिवस लागतात. पुढच्या वर्षासाठी वरून उद्दिष्ट आलंय की १०० टक्के अर्ज १५ दिवसांत निघाले पाहिजेत. हे जमणारं नाही असं तुम्हाला दिसतंय, म्हणून तुम्ही विचारताय की वास्तववादी आकडा कोणता लिहावा आणि ‘दरवर्षी १० टक्के सुधारणा’ असं लिहिलं तर चालेल का.

आकड्याकडे नंतर येऊ. आधी एक घोळ सोडवायला हवा. २२ ही सरासरी आहे. ‘१०० टक्के १५ दिवसांत’ ही सगळ्यात किचकट, सगळ्यात शेवटच्या फायलीवर घातलेली मर्यादा आहे. या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. तरी बैठकीत ‘२२ चे १५ करायचे, म्हणजे फक्त सात दिवस कमी करायचेत’ असं बोललं जातं, सगळे मान डोलावतात आणि पुढच्या वर्षभराच्या वादाची सोय तिथेच होते. तुमचा खरा प्रश्न असा आहे: दर १०० अर्जांपैकी किती अर्ज किती दिवसांत निघतील असं आपण म्हणू शकतो, आणि तसं म्हणायला आपल्या रोजच्या कामाचं गणित परवानगी देतं का?

बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे हे आधीच सांगतो. अर्ज येतो, काही टेबलांवरून फिरतो, निर्णय होऊन बाहेर पडतो, अशा सेवांना खालचं सगळं लागू पडतं. शाळेचा निकाल, गुन्ह्यांचं प्रमाण, आजारांचं प्रमाण अशा गोष्टी एकट्या कार्यालयाच्या हातात नसतात. तिथे परिणामाचं उद्दिष्ट एका अधिकाऱ्याच्या गळ्यात बांधलं की परिणाम सुधारण्याऐवजी नोंदी सुधारतात. तुमच्याकडे तशी अडचण नाही. फाइल कधी आली आणि कधी गेली हे बऱ्याच अंशी तुमच्याच हातात आहे.

सुरुवात घड्याळापासून करा. दिवस मोजायला कधी सुरुवात करायची? अर्जावर शिक्का पडतो त्या दिवशी, संगणकात नोंद होते त्या दिवशी, की सगळी कागदपत्रं पूर्ण होतात त्या दिवशी? आवक टेबलावर दोन दिवस उशिरा नोंद होत असेल तर ते दोन दिवस अर्जदाराच्या आयुष्यातून जातात, तुमच्या अहवालातून मात्र गायब होतात. आणि उद्दिष्ट कडक झालं की हे अंतर आपोआप वाढतं. इंग्लंडमध्ये अपघात विभागात चार तासांची मर्यादा लागू झाल्यावर काही ठिकाणी रुग्णवाहिका दाराबाहेरच थांबू लागल्या, कारण रुग्ण आत घेतल्याशिवाय घड्याळ सुरू होत नव्हतं. त्यात कुणी फार दुष्ट माणसं होती असं नाही. नियमातच ती फट होती.

दुसरी फट त्रुटीपत्राची, म्हणजे अर्जात काय कमी आहे ते अर्जदाराला कळवणाऱ्या पत्राची. त्रुटी काढली की घड्याळ थांबतं असा नियम बहुतेक ठिकाणी असतो, आणि तो अन्यायकारकही नाही. अर्जदाराने कागद द्यायला महिना लावला तर कार्यालय काय करणार? पण मर्यादा १५ दिवसांची असेल तर त्रुटीपत्रं १३व्या-१४व्या दिवशी निघू लागतात. एकदा एक त्रुटी, मग दुसरी, मग तिसरी. उपाय दोन आहेत आणि दोन्ही एकत्र हवेत. एक, सगळ्या त्रुटी एकाच पत्रात आणि अर्ज आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवायच्या. त्यानंतर काढलेल्या त्रुटीला घड्याळ थांबणार नाही. दोन, दोन घड्याळं चालवायची. एक कार्यालयाचं, जे त्रुटीच्या काळात थांबतं. दुसरं अर्जदाराचं, जे कधीच थांबत नाही. उद्दिष्ट पहिल्यावर ठेवा, पण अहवालात दोन्ही शेजारी छापा. दोघांतलं अंतर वाढायला लागलं की काय चाललंय ते कळतं.

घड्याळ थांबण्याची व्याख्याही लिहून ठेवा. सही झाली तो दिवस की प्रमाणपत्र अर्जदाराच्या हातात पडलं किंवा त्याला डाउनलोड करता आलं तो दिवस? आणि नामंजूर केलेला अर्ज ‘निकाली’ मोजायचा की नाही? मोजायचाच, पण त्याचं प्रमाण वेगळं दाखवून. का, ते पुढे येईल.

आता आकडे गोळा करा. तीन महिन्यांत तुमच्याकडे साधारण ३,९०० फायली निकाली निघत असतील. संगणकात तारखा नीट असतील तर सगळ्याच घ्या. नसतील तर जावक नोंदवहीतून दर २०वी फाइल काढा. १९५ फायलींचा नमुना या कामाला पुरतो. ‘सोयीच्या’ किंवा वरच्यावर हाताला लागलेल्या फायली घेऊ नका, त्या नेहमी सोप्या निघतात. प्रत्येकीचे लागलेले दिवस लिहा आणि लहानापासून मोठ्यापर्यंत लावा. समजा चित्र असं दिसलं: निम्म्या फायली १३ दिवसांच्या आत, ६२ टक्के १५ दिवसांच्या आत, ९० टक्के ४८ दिवसांच्या आत, आणि उरलेल्या १० टक्क्यांचं शेपूट पार शंभर-दीडशे दिवसांपर्यंत गेलेलं. सरासरी २२ असलेल्या कार्यालयात असंच काहीसं सापडतं. म्हणजे ‘२२ दिवस लागतात’ हे वाक्य जवळजवळ कुठल्याच अर्जदाराला लागू नाही. बहुतेकांना त्यापेक्षा कमी लागतात आणि थोड्यांना खूपच जास्त.

फक्त निकाली निघालेल्या फायली पाहून थांबू नका. त्याच दिवशी प्रलंबित फायलीही मोजा, आणि प्रत्यक्ष कपाटं-टेबलं फिरून मोजा. यामागे एक साधा नियम आहे, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला: आवक-जावक स्थिर असेल तर सरासरी लागणारे दिवस म्हणजे प्रलंबित संख्या भागिले रोजची निकाली संख्या. तुमच्याकडे रोज ६० निघतात आणि सरासरी २२ दिवस लागतात, म्हणजे प्रलंबित फायली १,३२० च्या आसपास असायला हव्यात. मोजल्यावर १,९०० निघाल्या तर? मग खरी सरासरी ३२ दिवसांच्या जवळ आहे आणि २२ हा आकडा फसवा आहे. कुठेतरी शेकडो जुन्या फायली पडून आहेत. त्या निकालीच निघत नाहीत, म्हणून निकाली फायलींच्या सरासरीतही कधी येत नाहीत. ही तपासणी अर्ध्या दिवसात होते आणि बाकी कशाहीपेक्षा जास्त सांगून जाते. उद्दिष्टावर चर्चा सुरू करण्याआधी एवढं तरी कराच.

पुढचं गणित याच नियमावरून. सरासरी १५ वर आणायची तर प्रलंबित ९०० वर आल्या पाहिजेत. पण तुमच्या वरिष्ठांना सरासरी १५ नकोय, त्यांना ‘जवळपास सगळे १५ च्या आत’ हवेत. वरच्या चित्रात ९० टक्क्यांचा आकडा सरासरीच्या सव्वादोन पट आहे, ४८ विरुद्ध २२. विलंबाचा आकार असाच राहिला तर ९० टक्के फायली १५ दिवसांत निघण्यासाठी सरासरी ७ दिवसांवर यावी लागेल, म्हणजे प्रलंबित संख्या ४२० वर. आजच्यापेक्षा ९०० कमी. शेपूट छाटता आलं, म्हणजे अडकून पडणाऱ्या फायलींची वेगळी सोय केली, तर सरासरी ८-९ दिवस असली तरी भागेल. पण ‘सात दिवस कमी करायचेत’ आणि ‘९०० फायलींचा ढीग उपसायचाय’ या दोन वाक्यांतला फरक वरिष्ठांसमोर ठेवा. बैठकीचा सूर तिथे बदलतो.

ढीग उपसायला रोज येतात त्यापेक्षा जास्त निघाल्या पाहिजेत. रोज ६० ऐवजी ६७ निघाल्या तर ७ ने ढीग कमी होईल आणि ९०० संपायला १२९ कामकाजाचे दिवस, म्हणजे साधारण सहा महिने लागतील. ६० येतात आणि ६० निघतात या स्थितीत मात्र कितीही परिपत्रकं काढली तरी सरासरी एका दिवसानेही कमी होणार नाही. कारण साधं आहे: ढीग आहे तेवढाच राहतो.

आणि शंभर टक्के क्षमता वापरून काम करणं हीसुद्धा फुशारकी मारण्यासारखी गोष्ट नाही. कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीसाठी गणितज्ञ एर्लांग यांनी १९०९ मध्ये रांगांचं जे गणित मांडायला सुरुवात केली, त्यातला एक साधा निष्कर्ष असा: एकच खिडकी, अर्ज कधीही येणारे, प्रत्येकाला लागणारा वेळ कमी-जास्त. खिडकी ८० टक्के वेळ व्यस्त असेल तर रांगेतली सरासरी वाट एका कामाच्या वेळेच्या ४ पट होते. ९० टक्के व्यस्त असेल तर ९ पट, ९५ टक्के असेल तर १९ पट. टेबलं अनेक असली तर आकडे सौम्य होतात, चढण तशीच राहते. म्हणून ढीग संपल्यावरही रोजची क्षमता आवकेपेक्षा थोडी जास्त राहिली पाहिजे, नाहीतर सणाच्या सुट्ट्या आणि दोघांची रजा एकत्र आली की ढीग परत. ‘माणसं रिकामी दिसतात’ म्हणून हीच जास्तीची क्षमता सगळ्यात आधी दुसरीकडे पाठवली जाते.

मग जास्तीच्या ७ फायली कुठून येणार? जादा तासांतून आल्या तर चार-सहा आठवडे येतात, नंतर त्या थांबतात. माझं मत असं की आधी त्रुटींकडे बघा. समजा ३० टक्के अर्जांत त्रुटी निघते. म्हणजे रोज ६० अर्जांची छाननी होते आणि वर त्रुटीपूर्तता होऊन परत आलेल्या १८ फायली पुन्हा वाचाव्या लागतात. एकूण ७८ वेळा फाइल हाताळली जाते. अर्जाचा नमुना सुधारून, कागदपत्रांची यादी सोप्या भाषेत लावून आणि खिडकीवरच अर्ज तपासून घेऊन हे प्रमाण १० टक्क्यांवर आलं, तर ६० अधिक ६, म्हणजे ६६ वेळाच हाताळणी होते. १२ वाचल्या. त्यातून रोज दहाएक जास्तीच्या फायली निघू शकतात: ७ ढिगासाठी आणि उरलेली क्षमता वर म्हटलेल्या सवडीसाठी. तुमच्याकडचं त्रुटींचं प्रमाण ३० असेलच असं नाही, पण ते मोजल्याशिवाय उद्दिष्ट लिहू नका. ते ८ टक्केच असेल तर हा मार्ग बंद आहे आणि माणसं तरी हवीत किंवा टप्पे तरी कमी व्हायला हवेत.

टप्प्यांसाठी ३० फायली घेऊन प्रत्येक टेबलावर आल्याची आणि गेल्याची तारीख लिहा. जवळजवळ नेहमी दिसतं ते असं की प्रत्यक्ष काम तासाभराचं असतं आणि बाकी सगळे दिवस फाइल नुसती थांबलेली असते. थांबण्याच्या जागाही ठरलेल्या असतात. आठवड्यातून एकदाच स्थळपाहणी निघत असेल तर पाच दिवसांच्या आठवड्यात प्रत्येक फाइल तिथे सरासरी अडीच दिवस काहीही न होता पडून राहते. सह्यांचं तसंच. पाहणी आठवड्यातून दोनदा केली, सह्या रोज एका ठरलेल्या वेळी केल्या, तर एकही माणूस न वाढवता तीन-चार दिवस कमी होतात. टिपणीवर चार जणांच्या सह्या कशाला लागतात हाही प्रश्न विचारून पाहा. पहिल्या तिघांच्या सह्या बऱ्याचदा फक्त ‘पाहिलं’ एवढंच सांगतात.

आतापर्यंतचा मुद्दा एवढा: घड्याळाची व्याख्या, फायलींचं खरं वितरण, प्रलंबित भागिले रोजची निकाली संख्या, आणि जास्तीची क्षमता कुठून येणार याचं उत्तर. हे चार कागद हातात असतील तर आकडा बऱ्याच अंशी स्वतःच ठरतो.

आता चढउतार. तुमच्या १५ दिवसांच्या आत निघालेल्या अर्जांची टक्केवारी गेल्या १२ महिन्यांत समजा अशी होती: ६१, ६६, ५८, ६३, ६९, ६०, ६४, ५७, ६५, ६२, ६८, ५९. मार्चमध्ये ५८ झाले म्हणून खुलासा मागवला, मेमध्ये ६९ झाले म्हणून अभिनंदन केलं. दोन्ही वेळी खरं तर काहीच बदललं नव्हतं. संख्याशास्त्रज्ञ शेवहार्ट यांनी १९२४ मध्ये कारखान्यांसाठी काढलेला नियंत्रण तक्ता इथे कामाला येतो. नेहमीचा चढउतार कुठला आणि खरा बदल कुठला, हे तो दाखवतो. सरासरी काढा: ६२.७. लागोपाठच्या दोन महिन्यांतले फरक काढा: ५, ८, ५, ६, ९, ४, ७, ८, ३, ६, ९, त्यांची सरासरी सुमारे ६.४. तिला २.६६ ने गुणा (हा या तक्त्याचा ठरलेला गुणक), सुमारे १७ येतात. ते सरासरीत मिळवा आणि तिच्यातून वजा करा. म्हणजे काहीही न बदलता तुमचं कार्यालय ४६ ते ८० टक्क्यांच्या दरम्यान कुठेही जाऊ शकतं. ७० टक्के हे उद्दिष्ट ठेवलंत तर एखाद्या महिन्यात ते नशिबाने गाठलं जाईल आणि श्रेय कुणालातरी मिळेल. ९० ठेवलंत तर आजच्या पद्धतीने ते कधीच गाठलं जाणार नाही. कामाची पद्धत बदलली तरच. दोन्ही गोष्टी आधी माहीत असलेल्या बऱ्या. खरी सुधारणा झाली की ती तक्त्यात दिसते: एक महिना ८० च्या वर जातो, किंवा लागोपाठ आठ महिने सरासरीच्या वरच्याच बाजूला राहतात.

हेच उद्दिष्ट छोट्या शाखांना वाटून देणार असाल तर आणखी सावध राहा. महिन्याला २० अर्ज येणारी एखादी शाखा मुळात ९० टक्के वेळेत काम करणारी असली, तरी निव्वळ योगायोगाने ती जवळपास दर तीन महिन्यांतून एकदा ९० च्या खाली दिसेल. वर्षातले बाराही महिने तिने ९० गाठण्याची शक्यता १ टक्क्याहून कमी आहे. अशा शाखांची मासिक क्रमवारी लावणं म्हणजे सोडत काढणं. त्यांचे आकडे तिमाही किंवा सहामाही एकत्र करून बघा.

‘१०० टक्के’ का नको याचं कारण फक्त अशक्यता हे नाही. काही फायलींना जास्त वेळ लागलाच पाहिजे: बनावट कागदपत्रांचा संशय, दोन पक्षांतला वाद, न्यायालयाची स्थगिती. १०० टक्क्यांचं ओझं असलं की अशी फाइल १४व्या दिवशी नामंजूर होते, कारण नामंजूर करणं ही सगळ्यात जलद निकाली काढण्याची पद्धत आहे. अर्जदार नव्याने अर्ज करतो, आकडेवारीत दोन अर्ज वेळेत निघालेले दिसतात. म्हणून वेळेच्या आकड्याशेजारी किमान तीन आकडे कायम ठेवा: नामंजुरीचं प्रमाण, ६० दिवसांत त्याच व्यक्तीने त्याच कामासाठी पुन्हा केलेले अर्ज, आणि अपिलात फिरवलेले निर्णय. वेळ सुधारतेय आणि हे तिन्ही स्थिर आहेत तर सुधारणा खरी. वेळ सुधारतेय आणि नामंजुरी ६ वरून ११ टक्क्यांवर गेली, तर अभिनंदनाचं पत्र थांबवा.

मर्यादा ओलांडलेल्या फायलींचं काय होतं, हाही भाग कायम विसरला जातो. फक्त ‘निकाली निघालेल्यांपैकी किती टक्के वेळेत’ हेच मोजलं तर १६ दिवस झालेल्या फायलीला हात लावण्यात कुणाचाच फायदा नसतो. ती काढली तर टक्केवारी पडते, ठेवली तर काही बिघडत नाही. इंग्लंडच्या रुग्णालयांत १८ आठवड्यांत उपचार सुरू करण्याच्या मानकाबाबत नेमकं हेच होत होतं: दीर्घकाळ थांबलेल्या रुग्णांवर उपचार केले की रुग्णालयाचा आकडा बिघडायचा. म्हणून २०१५ मध्ये उपचार सुरू झालेल्यांवरची दोन मानकं काढून टाकली आणि अजून थांबलेल्या रुग्णांवरचं मानक ठेवलं. तुम्हीही दर महिन्याला प्रलंबित फायलींचं वय छापा: १५ दिवसांच्या आतल्या किती, १६ ते ३०, ३१ ते ६०, ६० च्या वर, आणि सगळ्यात जुनी फाइल किती दिवसांची.

उद्दिष्टाची रचना करताना एकच कापरेषा ठेवू नका. एका रेषेवर सगळं अवलंबून असलं की फायली तिथेच गोळा होतात. इंग्लंडमध्ये अतितातडीच्या रुग्णवाहिकांना ७५ टक्के वेळा ८ मिनिटांत पोहोचायचं होतं. काही सेवांच्या नोंदींत ८ मिनिटांच्या अगदी अलीकडे गर्दी आणि पलीकडे एकदम दरी दिसू लागली. २०१७ मध्ये ते बदललं: सर्वांत गंभीर प्रकारासाठी सरासरी ७ मिनिटं आणि ९० टक्के १५ मिनिटांत, असे दोन आकडे, त्याखालच्या प्रकारासाठी १८ आणि ४० मिनिटं. सरासरी सगळ्यांना धरून असते, त्यामुळे उशीर झालेल्याला सोडून देता येत नाही, आणि ९० टक्क्यांचा आकडा शेपटावर लक्ष ठेवतो. हीच रचना तुमच्याकडे चालेल. अर्जांचे दोन गट मात्र आधी वेगळे करा, पाहणी लागणारे आणि न लागणारे. दोन्हींना एकच मर्यादा लावली तर पाहणीवाल्यांना ती जाचक होते आणि बाकीच्यांना आळसावायला मोकळीक देते.

तुम्ही दिलेल्या आकड्यांवरून, आणि त्रुटींचं प्रमाण खरोखर ३० च्या आसपास निघालं असं धरून, मी असं लिहीन. पहिले दोन महिने दिवसांचं उद्दिष्टच नाही. फक्त त्रुटीपत्र तीन दिवसांत आणि एकदाच, आणि ९० टक्के प्रकरणांत हे पाळलं जातंय का ते मोजायचं. तिसऱ्या ते आठव्या महिन्यात उद्दिष्ट प्रलंबित संख्येचं: १,३२० वरून ४५० च्या आसपास, दर महिन्याला साधारण १४५ ने कमी. जुन्या फायलींसाठी दोन माणसं वेगळी काढा, नवे अर्ज आल्या क्रमाने बाकीच्यांनी हाताळावेत. एकाच माणसाकडे दोन्ही दिलं तर नवे अर्ज ओरडतात आणि जुने गप्प असतात, त्यामुळे जुने तसेच राहतात. नवव्या महिन्यापासून दिवसांचं उद्दिष्ट: पाहणी नसलेले अर्ज सरासरी ७ दिवसांत आणि ९० टक्के १५ दिवसांत, पाहणी असलेले सरासरी १२ आणि ९० टक्के २५ दिवसांत, ४५ दिवसांपुढची प्रत्येक फाइल कार्यालयप्रमुखाने दर आठवड्याला स्वतः पाहून कारण लिहायचं. पाहणीवाल्यांचे आकडे अंदाजाचे आहेत. तुमचं वितरण हाती आल्यावर ते बदला.

एक गोष्ट वरिष्ठांना आधीच लेखी कळवून ठेवा. ढीग उपसण्याच्या काळात टक्केवारी सुधारणार नाही, कदाचित खालीच येईल. रोजच्या ६७ मधल्या ७ फायली आधीच मुदत ओलांडलेल्या असतील, म्हणजे बाकी सगळं अचूक केलं तरी आकडा ९० च्या वर जाऊच शकत नाही. हे नंतर सांगितलं तर ती सबब वाटते.

‘दरवर्षी १० टक्के’ मी लिहिणार नाही. या १० ला आवक, क्षमता, ढीग यांपैकी कशाचाच आधार नाही. शिवाय यंदा जास्त करून दाखवलं की पुढच्या वर्षीची पायरी तिथूनच सुरू होते, हे लोकांना पहिल्याच वर्षी कळतं. सोव्हिएत कारखान्यांच्या व्यवस्थापकांनी याच कारणासाठी ठरलेल्या कोट्यापेक्षा फार पुढे न जाण्याची सवय लावून घेतली होती. पुढच्या वर्षीचा आकडा परत गणितानेच काढा, आणि आवक २० टक्क्यांनी वाढली किंवा माणसं कमी झाली तर तो वर्षाच्या मध्येच बदलेल अशी अट उद्दिष्टातच लिहा.

नोंदींची तपासणी दर तिमाहीला करा: ३० निकाली फायली, शिक्क्याची तारीख आणि संगणकातली तारीख शेजारी ठेवून, त्या टेबलाबाहेरच्या माणसाकडून. सोबत किती फायली १२व्या, १३व्या, १४व्या, १५व्या, १६व्या दिवशी निघाल्या याचा साधा आलेख काढा. १५ ला टेकडी आणि १६ ला खड्डा दिसला तर तारखा बघायला लागा.

वरिष्ठांना ‘१०० टक्के जमणार नाही’ असं तोंडी सांगू नका. एका पानावर तीन पर्याय ठेवा: आहे तीच माणसं आणि त्रुटी कमी करणं, त्याच्या जोडीला सहा महिन्यांसाठी दोन जादा माणसं, किंवा पाहणीची आणि सह्यांची पद्धत बदलणं. प्रत्येकासमोर ढीग कधी संपेल आणि ९० टक्क्यांचा आकडा किती होईल ते लिहा. निवड त्यांनी करावी. पाचव्या महिन्याच्या अखेरीस आढावा घ्याल तेव्हा टक्केवारीआधी प्रलंबित संख्या पाहा. ढीग उपसायला लागून तेव्हा तीन महिने झाले असतील. त्या काळात तो ४०० ने तरी कमी झालेला नसेल तर त्रुटींचं प्रमाण तपासा. तेही खाली आलंय आणि ढीग मात्र हलत नाही, असं असेल तर वाचलेला वेळ दुसऱ्याच कुठल्यातरी कामाकडे वळवला गेलाय. कुणाला कुठल्या बैठकीला, कुठल्या सर्वेक्षणाला पाठवलं गेलं त्याची यादी काढा आणि तीच यादी पुढच्या आढाव्यात उद्दिष्टाच्या कागदाला जोडा.